खांबापाशी थांबलेली सृष्टी

चिंचदरा, ता. अकोले
दि. १५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अश्विनीताईस,
करणचा सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तू फोन कापतेस. काल तर दोनदा कापलास, आणि वर म्हणालीस की एवढे बोलायचे असेल तर लिहून पाठव, लिहिताना तरी माणूस एका जागी बसतो. म्हणून बसलो आहे. सकाळचे दूध संकलन उरकले, कॅन टेम्पोत चढले. टेम्पोवाला छगन हे पत्र संगमनेरला येताना आणील. पाकीट नीट चिकटवले आहे, कारण तो वाचतो.

ताई, कालचा सामना पाहून मला रात्रभर राग आवरला नाही. आपली सृष्टी, जी इथे शाळेच्या मैदानावर मोठ्या मुलींना दमवून बसवायची, ती काल खांबापाशी येऊन चक्क उभी राहिली. पाठलाग करणारी मुलगी येताना दिसत होती, तरी ही मान वळवून ॲकॅडमीच्या काकासाहेब सरांकडे बघत होती. कशासाठी, तर शिट्टीसाठी! एक शिट्टी वाजली की उजवीकडे, दोन वाजल्या की डावीकडे. हा खो-खो आहे की चौकातला ट्रॅफिक पोलीस?

सामन्याआधी मी त्यांचा सरावही पाहिला. नारिंगी प्लॅस्टिकचे शंकू मांडलेले आणि मुलींची रांग लागलेली. एक मुलगी शंकूंमधून वळत जाणार आणि बाकीच्या रांगेत उभ्या राहून वेण्यांशी चाळा करणार. शंकू काय पाठलाग करतो? शंकू हुलकावणी देतो? पाठीमागे कोणी येत असल्याशिवाय वळायचे कधी हे कळते का? मी इथे सराव घेताना कधी मैदान लहान करतो, कधी पाठलाग करणाऱ्या मुली वाढवतो, कधी मोठ्यांत लहानांना मिसळतो, आणि गप्प बसतो. त्यातूनच मुली शिकतात. सृष्टीही तशीच शिकली. खांबाला डावीकडून झर्रकन वळणे ही तर तिची जन्मजात देणगी आहे, आणि तीच हे सर मोडायला निघाले आहेत.

तिला त्या ॲकॅडमीतून काढ. निदान रविवारी इथे पाठव. आई म्हणते की पोरगी लई वाळली, दोन दिवस दूध-भाकरीवर राहू दे.

रागात जास्त लिहिले असेल तर ते माझ्या स्वभावावर घाल, मायेवर घालू नकोस.
तुझा भाऊ,
करण

•

संगमनेर
दि. १८ सप्टेंबर

चि. करणला अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. छगनने पाकीट उघडलं नव्हतं, पण मैदानावरच्या शंकूंचं काय झालं असं त्याने मला दारातच विचारलं. म्हणजे तू त्याला आधीच सगळं सांगून मोकळा झाला होतास.

आता माझं ऐक. 'सामन्यातही मी गप्प बसतो' असं तू लिहिलेलं नाहीस, ते बरं केलंस. रविवारी दोरीच्या आत पाय टाकून डावीकडे, डावीकडे म्हणून कोण बोंबलत होतं? सरांनी एक शिट्टी वाजवली, तू डावीकडे ओरडलास, आणि पोरगी मधल्या मधे उभी. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं की हा कोण माणूस. मी म्हटलं, ओळखत नाही.

सर रीतसर शिकून आलेले आहेत. तू बारावी अर्ध्यावर सोडलीस, हे मी टोचून बोलत नाही, पण ज्याचं काम त्याला करू द्यावं. त्यांच्या मुली जिल्ह्याच्या संघात जातात. खेळाचे गुण दहावीला उपयोगी पडतात. मी तिला तिथे घातलं ते काही हौस म्हणून नाही. तुझ्या मैदानावर ती पळायला शिकली, हे मी कधी नाकारलं का? पण तिच्या गुडघ्यांवर एक जागा शाबूत नव्हती, हेही खरं.

आणि आता खरी गोष्ट, जी फोनवर सांगायच्या आत तू सुरू झालास. रविवारपासून सृष्टीने बूट माळ्यावर टाकले आहेत. सरावाला जात नाही. ११ ऑक्टोबरची जिल्हा निवड चाचणी देणार नाही म्हणते. चाचणी राहू दे, खेळायचंच नाही म्हणते. का म्हणून विचारलं तर उत्तर देत नाही. मी रागावले, समजावलं, शेवटी गुलाबजाम केले. गुलाबजाम खाल्ले, उत्तर दिलं नाही.

तेव्हा सरांवर दात खाण्यापेक्षा तिचं काय करायचं ते सुचव. आईच्या गुडघ्याला तेल लावतोस ना?

भांडायला तुझ्याशिवाय मला कोण आहे, हे लक्षात असू दे.
तुझी ताई

•

चिंचदरा
दि. २२ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने जेवण गेले. सृष्टी खेळणार नाही, हे वाक्य मी तीनदा वाचले. तुला न सांगता काल छगनच्या टेम्पोत बसून संगमनेरला आलो आणि थेट काकासाहेब सरांना गाठले. घरी आलो नाही, कारण तू अडवले असतेस.

माणूस वाईट नाही, याचा मला जास्त राग आला. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मग विचारले की तुम्ही प्रशिक्षण कुठे घेतले. मी म्हणालो, मैदानावर. ते म्हणाले, छान. त्या छान शब्दाने माझ्या कानशिलाची शीर तडतडली.

त्यांचे म्हणणे असे की आधी पाय, कंबर, नजर यांची घडण पक्की झाली पाहिजे, चुकीची सवय अंगात मुरली की निघत नाही. मुली खूप, मैदान तासभरच मिळते, आणि पालक महिन्यात विचारतात की संघात कधी घेणार. मी म्हणालो, मग त्या तासात मुली रांगेत का उभ्या? सामन्यात शिट्टी कशाला? तुम्ही तिचे पाय घडवता की तिचे डोके स्वतःच्या खिशात ठेवता? त्यांनी कप बाजूला सरकवला. चहा थंड झाला.

मग म्हणाले की तुमची भाची प्रत्येक वेळी खांबाला डावीकडूनच वळते. समोरच्या संघाला ते दुसऱ्या डावात कळते, आणि त्या मुली तिथेच वाट पाहतात. म्हणून मी तिला उजवीकडे वळायला लावतो, आणि ती ऐन वेळी विसरते म्हणून शिट्टी. मी ठणकावून सांगितले की ती तिची देणगी आहे, निसर्गाने दिलेली. ते हसले. ताई, ते हसणे मी विसरणार नाही.

सृष्टीला म्हणावे, मामाने तुझी बाजू मांडली. तिला विचार की तिला इथे यायचे आहे का. मी तिच्यासाठी मैदान झाडून ठेवतो. त्या माणसाच्या शिट्टीपायी एक चांगली खेळाडू घरी बसणार असेल, तर मी जिल्हा संघटनेला अर्ज करीन. मसुदा तयार आहे.

माझ्यावर चिडलीस तरी उत्तर पाठव, तेवढा आधार राहू दे.
करण

•

संगमनेर
दि. २५ सप्टेंबर

प्रिय मामास,
सृष्टीचा नमस्कार.

आईने तुझी दोन्ही पत्रं मला वाचायला दिली. आई म्हणाली, तूच लिही, मी दमले. म्हणून लिहिते. रागावू नकोस. रागावलास तरी छगनमामाला सांगू नकोस, तो सगळ्या डेअरीला सांगतो.

मामा, ती देणगी नाहीये. आपल्या मैदानावर एका खांबाच्या उजवीकडे गुरांचा हौद आहे ना? उजवीकडून वळलं की गुडघा कठड्यावर आपटतो. दुसऱ्या खांबाच्या उजवीकडे बोरीचं झुडूप आहे. म्हणून मी डावीकडे वळते. दिपाली पण डावीकडेच वळते. निकिता पण. आपल्या गावातली एकही मुलगी उजवीकडे वळत नाही. तू रोज तिथे असतोस, तुला दिसलं नाही?

सरांना हे माहीत नाही. त्यांनी मला कधी विचारलंच नाही की तू डावीकडेच का वळतेस. फक्त शिट्टी वाजवली. आणि तू पण विचारलं नाहीस. तू पहिल्या पत्रात लिहिलंस की तू गप्प बसतोस. गावात सरावाला तू गप्प बसतोस हे खरंय. पण सामना आला की तू पण ओरडतोस. मागच्या यात्रेतल्या सामन्यात तुझा आवाज बसला होता, आजीने हळद-दूध दिलं होतं.

त्या रविवारी मला माझं मलाच सुचलं होतं. ती मुलगी खांबाकडे कशी झुकली ते मला दिसलं होतं. पण तेवढ्यात शिट्टी, आणि तेवढ्यात तू. मग मला वाटलं, मी कशाला खेळते आहे? तुम्ही दोघंच खेळा.

माझी बाजू मांडू नकोस. अर्ज पण करू नकोस, प्लीज. मी चाचणी देईन, पण एका अटीवर. तू यायचं नाही. सर आले तर शिट्टी घरी ठेवायची, असं आई त्यांना जाऊन सांगणार आहे. आईने फक्त डबा आणायचा.

मी तुझीच आहे, म्हणून एवढं लिहिलं.
सृष्टी

•

चिंचदरा
दि. २९ सप्टेंबर

चि. सृष्टीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले आणि सायकल काढून मैदानावर गेलो. मुली खेळत होत्या. ओट्यावर बसून पाहिले. दिपाली डावीकडे. निकिता डावीकडे. गेल्या महिन्यात आलेली नवी पोर, जिला अजून नीट बसताही येत नाही, तीसुद्धा डावीकडे. इतकी वर्षे मी मैदान झाडले, फक्कीच्या रेषा मारल्या, आणि गुरांच्या हौदाला देणगी समजलो. सरांसमोर ठणकावून निसर्ग म्हणालो! मला जो संताप आला तो कोणावर काढावा हे कळेना, म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन हौदावरून भांडलो. ते म्हणाले की हौद आधी होता, खो-खो मागून आला. हेही खरेच निघाले. मग खांब उपटले आणि मैदान पलीकडे सरकवले. दिपाली काल पहिल्यांदा उजवीकडे वळली आणि तोल जाऊन पडली. सगळ्या हसल्या, तीही हसली.

डावीकडे वळण्याबद्दलचे सरांचे निदान बरोबर होते, हे मी त्यांना कळवले आहे. त्याच चिठ्ठीत शिट्टीबद्दलचे माझे मत जसेच्या तसे ठेवले आहे, एक अक्षरही कमी केलेले नाही. मुलीला कारण न विचारता दुरुस्त करणे म्हणजे शिकवणे नव्हे. पण ते मलाही लागू आहे, आणि मला ते आवडलेले नाही.

चाचणीला मी येणार नाही. हे लिहायला मला फार जड गेले, तेवढे तुला माहीत असावे. त्या दिवशी कसे पळायचे, काय टाळायचे, यावर मी एक पानभर लिहिले होते. ते पान तुझ्या आजीने चुलीत घातले. मीच तिच्या हातात दिले.

मामावरचा लोभ थोडा कमी झाला असेल तर तसा चालेल, संपू देऊ नकोस.
करणमामा

•

संगमनेर
दि. १२ ऑक्टोबर

प्रिय मामा,
नमस्कार.

काल चाचणी झाली. माझी निवड झाली नाही.

सर आले होते. शिट्टी नव्हती, म्हणून हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी आईचा डबा धरला. आई म्हणते, त्यांनी डब्याची कडी ढिली केली.

पहिल्या डावात मी खूप वेळ टिकले. दुसऱ्या डावात पारनेरची एक मुलगी माझ्या मागे लागली. माझ्याहून बुटकी. खांबापाशी मी थांबले, तिला डावीकडे झुकवलं आणि उजवीकडे वळले. बरोबर वळले, मामा, अगदी नीट! पण ती झुकली नव्हतीच, तिने मलाच फसवलं होतं. पाठीवर अशी थाप मारली की अजून चुरचुरतंय. मला इतका राग आला की मी रडले पण नाही. कोणीच मला काही सांगितलं नव्हतं, म्हणून तो राग दुसऱ्या कोणावर ढकलता पण येईना.

सरांनी घरी येताना विचारलं की तुला त्या वेळी काय दिसलं. मी बस येईपर्यंत सांगत होते. ते मधे बोलले नाहीत. दोनदा तोंड उघडलं होतं.

बूट धुऊन वाळत घातलेत. उद्यापासून सराव.

तुझं एक काम आहे. त्या पारनेरच्या मुलीचं नाव अलफिया. तिचा संघ पुढे कुठे खेळणार आहे, ते कुठूनही शोधून काढ आणि कळव. तेवढंच कळव. कसं खेळायचं ते लिहू नकोस.

तुझी,
सृष्टी