साहेबांची खिळे मारलेली बॅट

सोलापूर, शनिवार

तीर्थरूप अण्णांच्या पायी वेणूचा नमस्कार.

मी सुखरूप आहे. आमच्या गिरणीत बेसबॉल नावाचा अमेरिकन खेळ सुरू झालाय. नियम इंग्रजीत, ते वाचता येतात म्हणून मलाच पंच केले. मान मोठा आहे.

काल मोठे साहेब चिरलेली बॅट खिळे मारून घेऊन आले. खिळे चालत नाहीत. मी भरमैदानात ती काढून घेतली. कोणीच हसले नाही.

बॅट माझ्या खोलीत आहे. सकाळी शिपाई आला, वाटले न्यायलाच आला. तर म्हणाला, "सोमवारी तुमीच घेऊन बंगल्यावर या."

वहिनींचा खोकला थांबला का? आईला फक्त पंच झाल्याचे सांगा.

मागची खोली भाड्याने देणार होता, ती तूर्त देऊ नका.

तुमचा
वेणू