दोन एसएसडी आणि दुप्पट वेग

मंगळवार, संध्याकाळ. नंदुरबार.

वेग! रेकॉर्डिंग साठवायला दोन एसएसडी डिस्क घेतल्या, तर त्या कॉम्प्युटरवाल्याला दुसरं काही सुचतच नाही. "भाऊ, दोन्ही एसएसडी रेडमा जोडी टाका, आर्धा डेटा एकवर, आर्धा दुसरीवर, डबल स्पीड भेटी." एक बिघडली तर? "मंग दोन्हीसवरलं जाई. पन नवा माल शे, कसाले बिघडी?" वर हसला!

धरणात बुडालेल्या मणिबेलीच्या म्हाताऱ्यांचं बोलणं मी रेकॉर्ड केलंय. त्यातले चौघे आता हयात नाहीत. त्याला कसला वेग?

खरं लिहायचं तर वेग मलाच हवा होता, माझ्या भाषणांच्या व्हिडिओंच्या एडिटिंगसाठी. त्यापायी त्यांचे आवाज पणाला लावायला निघालो होतो. शी!

नाही जोडणार. दोन्हींवर सगळ्याची एकेक पूर्ण प्रत उतरवेन. एक इथे राहील, दुसरी बोटीने, पाण्याच्या वर टेकडीवर सरकलेल्या मणिबेलीला, त्या म्हाताऱ्यांच्या लेकींकडे. माझी भाषणं होतील सावकाश तयार. ऐकायला कोण खोळंबलंय?