ओल्या कुंकवाखालचं लोखंड

किलकेनी, आयर्लंड, ऑक्टोबर २००४, मंगळवार संध्याकाळ

गंज रोखणाऱ्या पहिल्या रंगाचे, इपॉक्सी प्रायमरचे, दोन भाग मिसळत होतो, तेव्हा दिसलं. जुन्या गाडीच्या घासून उघड्या केलेल्या सांगाड्यावर, पुढच्या जोडावर, आईने ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलंय.

"नवी गाडी, पूजा नको?"

"आई, साठ सालातली आहे ही!"

"तुला नवीच ना?"

शेजारचा डेक्लन कुंपणावरून म्हणाला, "या हवेत आजच रंगव. उद्या गंजून लाल होईल."

इपॉक्सीला स्वच्छ लोखंड लागतं. गंजावरही चालणारा दुसरा रंग आणलाय. तो कुंकवावर बसेल, पण टिकेल? आणि नेमका तोच जोड. सगळं वजन त्याच्यावर. मागे माझी पाच वर्षांची ईरा बसणार.

पुसायला फडकं घेतलं आणि हात थांबला. ज्या गाडीच्या अपघातात बाबा गेले, तिची पूजा राहिली होती, असं आई अजून म्हणते. मी इंजिनिअर. मानत नाही हे. मग पुसवत का नाही? तो जोड डोळ्यांसमोरून हलत नाही. मिसळलेला प्रायमर डब्यातच घट्ट झाला.

बुधवार. सकाळी आईसमोरच पुसलं. खाली स्वस्तिकाच्याच आकाराचा गंज. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि सँडपेपर माझ्या हातात दिला.

"घास," म्हणाली. "नीट घास."