सुज्ञ कुमारीने तेल दिलं

प्रिय मामांस,

तुमच्या धाकट्या भाचीचा प्रभूमध्ये सलाम. गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला गेला का? इथे आम्ही सुखरूप आहोत, किंबहुना सुखरूपच्या बरेच पुढे गेलो आहोत. आमचं नाटक सपशेल पडलं आणि आम्ही जिंकलो. हे दोन्ही एकदम कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण उभा जन्म पाळक म्हणून उपदेश केलेल्या माणसाकडून मला निवाडा हवा आहे. (माझ्याविरुद्ध गेला तरी चालेल. बाजूने गेला तर तुम्ही मला सांभाळून घेतलंत की काय, अशी शंका येईल.)

सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, यांचा अबोला तुम्हाला माहीत आहे. कारण कदाचित विसरला असाल. सासूबाई इस्पितळात होत्या तेव्हा मावशींनी प्रेमाने त्यांचं स्वयंपाकघर नव्याने लावून ठेवलं. घरी येताच सासूबाई म्हणाल्या, "माझ्याच घरात मला झारा सापडेना!" मावशी म्हणाल्या, "मरणाच्या दारातून परत आलीस आणि झारा कसला शोधतेस?" झालं. तेव्हापासून दोघी उपासनेला एकाच बाकावर बसतात, मध्ये माझे यजमान लोडासारखे. एकमेकांना शांतीचा हात देण्याची वेळ आली की एकीचा हात ते उजव्या हाताने घेतात, दुसरीचा डाव्या हाताने, आणि शांती त्यांच्यापाशीच अडकून राहते. क्षमेवरची वचनं दोघींना तोंडपाठ. पण दोघी पडल्या शहाण्या. आधी बोलायचा मूर्खपणा कोण करणार? त्यात मावशींनी दूरच्या शहरातल्या वृद्धाश्रमात कायमचं राहायला जायचं ठरवलं. नाटकाच्या दुसऱ्याच दिवशी निघायचं होतं. सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, "जाणाऱ्याला कोण अडवतंय?" आणि माझ्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी तो निमूट प्याले.

आता नाटक. महिला मंडळाने दहा कुमारींचा दृष्टान्त करायचं ठरवलं आणि बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दहा जणी दिवे घेऊन वराची वाट पाहतात, वर उशिरा येतो. पाच सुज्ञ कुमारींकडे जास्तीचं तेल असतं, पाच मूर्खांकडे नसतं. मूर्ख मागतात, सुज्ञ नाही म्हणतात, मूर्ख तेल आणायला जातात आणि तेवढ्यात दार बंद होतं. सोपं वाटलं होतं. पण मंडळातली एकही बाई मूर्ख व्हायला तयार होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, उद्या पेशंट माझ्याकडून औषध घेतील का?" शिवणवाल्या बाईंनी तर सांगूनच टाकलं की मूर्ख व्हायचं असेल तर झगे दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्या. शेवटी प्रेषितांनीही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या असं म्हणून मीही प्रार्थना करून टाकल्या. सासूबाई निघाल्या सुज्ञांच्या म्होरक्या आणि मावशी मूर्खांच्या. (सत्तरीतल्या कुमारी पाहून कुणी हसू नये, म्हणून मी दिवे जरा मंद ठेवायला सांगितलं.) तालमीत दोघी परस्परांऐवजी माझ्याकडे बघून संवाद म्हणत. तेलाऐवजी पाणी वापरा, असं सगळ्यांनी सुचवलं. देवाच्या घरात पाण्याला तेल म्हणणं माझ्या मनाला पटेना. कंदिलात खरं तेल घातलं.

प्रयोगाच्या दिवशी आमचं उपासनामंदिर गच्च भरलेलं. मावशी पुढे आल्या. त्यांचं वाक्य मी चांगलं भारदस्त लिहिलं होतं, ते सोडून त्या थेट सासूबाईंकडे बघत एवढंच म्हणाल्या, "ताई, थोडं तेल दे गं."

 मला वाटलं, सासूबाई वाक्य विसरल्या. मी पडद्याआडून कुजबुजले, "नाही म्हणा."  पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, "आई, नाही म्हणा ना!" हे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. सासूबाईंनी माझ्याकडे वळून अख्ख्या मंडळीसमोर सांगितलं, "तू गप गं." मग बहिणीला म्हणाल्या, "एक वस्तू कधी जपून ठेवता आली नाही तुला. आण इकडे तो कंदील. आणि उद्या कुठे जायची नाहीस तू, कळलं?" ओतताना निम्मं तेल नव्या गालिच्यावर गेलं. मावशी रडत रडत म्हणाल्या, "सांडवतेस काय, नीट ओत की!"

म्होरकीने दिलं म्हटल्यावर उरलेल्या चौघींनीही देऊन टाकलं. मी लिहिलेला नकार आलाच नाही, त्यामुळे वर बाहेरच ताटकळला. (वर म्हणजे आपले दाताचे डॉक्टर.) शेवटी त्यांनी डोकं आत घालून विचारलं, "येऊ का मी?" दहाच्या दहा कंदील जळत होते, ते दहाही जणींना आत घेऊन गेले. दार लावण्याचं एकच काम असलेले आमचे घंटावाले काका कडीवर हात ठेवून उभे. ते मला म्हणाले, "बाई, मग मी आता बंद काय करू?" टाळ्या थांबेनात. पाळकसाहेबांनी जागृतीवरचा उपदेश घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मूळ दृष्टान्त पुढच्या रविवारी. आज घरी जा, आणि ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याशी बोला."

मामा, दृष्टान्ताचा अर्थ मला कळतो. ज्याचं त्याने जागं राहायचं असतं, ती तयारी उसनी मिळत नाही. हे मला कालही पटत होतं, आजही पटतं. पण इतकी वर्षं मी प्रार्थनेत जे मागत होते ते डोळ्यांसमोर घडायला लागलं, तेव्हा मी पडद्याआडून काय ओरडत होते? नाही म्हणा! त्या मंदिरात त्या दिवशी खरी मूर्ख कुमारी कोण, हे मी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. आणि तरीही, खरं सांगते, इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही. तर आम्ही वचन बिघडवलं का? कळवावे.

तुमची आज्ञाधारक भाची

ता. क. मावशी वृद्धाश्रमात गेल्या नाहीत. आमच्याकडेच राहायला आल्या आहेत. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं दोघी दिवसभर एकदम बोलतात. आता त्यांचं प्रत्येक गोष्टीत एकमत असतं, आणि ते बहुतेक माझ्याविषयी असतं.

आणखी ता. क. निवाड्याची घाई नाही. खरी विनंती अशी, की दोघींना महिनाभर तुमच्याकडे ठेवून घ्याल का? तुमच्या होकाराची वाट पाहणं शहाणपणाचं झालं असतं, पण तिकिटं काढून झाली आहेत. बुधवारी सकाळच्या गाडीने येतील. डबा शोधावा लागणार नाही. गाडी थांबायच्या आधीच ऐकू येतील.