राळेचा वास

उमापूर,
वैशाख वद्य पंचमी, शके १९०९
(तुमच्या शहरी हिशेबानं १८ मे १९८७)

चि. धर्मराज यास सुंदर दाजीचे आशीर्वाद. इकडे ऊन आणि आम्ही दोघं नेहमीप्रमाणे. तिकडची खुशाली कळव.

आता तक्रार. गेल्या उन्हाळ्यात बहिणीच्या मायेपोटी तू औरंगाबादेहून एसटीच्या टपावर टाकून कूलर पाठवलास. वस्तू उत्तम. सोबत पाणी पाठवायचं तेवढं राहिलं. इथं टँकर आला की घागरींवरून एकमेकींच्या सात पिढ्या निघतात. त्या बायकांच्या देखत मी कूलरला बादलीभर पाणी पाजलं असतं, तर तुझी अक्का महिला दूध संस्थेच्या अध्यक्षपदावरून आणि मी गावातून एकाच दिवशी उतरलो असतो. सबब तो यंत्रराज वर्षभर कोपऱ्यात कोरड्या तोंडानं उभा होता. शेवटी मी त्याचा पंखा काढला. दात्याला न विचारता दानाचं रूप बदलण्याला प्रायश्चित्त काय, ते शोधतो आहे. सापडेपर्यंत रागावू नकोस.

पंखा लागला धुरासाठी. शाळेत पोरांकडून संस्कृतची रूपं घोकून घेतली की मी मागच्या खोलीत रेडिओ उघडून बसतो, हे तू जाणतोसच. हल्ली आसपासच्या दूध संस्थांची फॅट बघायची यंत्रंही दुरुस्तीला येतात. तारेला सोल्डर धरायचं तर आधी राळ लागते, आणि राळ तापली की धूर आला.

धर्मा, तो धूर एकदा बसून बघण्यासारखा असतो. दुपारी पत्र्यातल्या काचेतून उन्हाची एक पट्टी टेबलावर पडते. सोल्डरिंगच्या सळईचं तापलेलं टोक राळेला टेकलं की निळा धागा उठतो, पट्टीत शिरतो, आणि असा वळत वळत चढतो की हातातलं काम राहून जातं. ही राळ म्हणजे कुठल्याशा बर्फाळ डोंगरातल्या चीड नावाच्या झाडाचा डिंक. ते झाड तिकडं गारव्यात उभं असणार, आणि त्याचा श्वास इथं, पान हलत नाही अशा गावात, माझ्या टेबलावर सुटतो. ढगाला धूर, ऊन, वारा आणि पाणी एवढंच लागतं म्हणतात. पैकी पहिले दोन जिन्नस आमच्याकडे मुबलक आहेत. सध्या गावावर जो काही ढग आहे, तो माझ्या मालकीचा.

अक्काला मात्र हा ढग कधी मानवला नाही. "तुमची राळ माझ्या भाकरीत उतरती," हे तिचं रोजचं. म्हणून मैनुद्दीन पत्रेवाल्याला बोलावलं. त्यानं तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून टेबलावर उलटं नरसाळं टांगलं, त्याच्या गळ्यात तुझा पंखा बसवला आणि पुढं लांब नळकांडं जोडलं. मागची भिंत भावकीची, तिला भोक पाडलं तर कोर्टात निघायचं. तेव्हा नळकांडं स्वयंपाकघरातून, चुलीवरून नेऊन गल्लीत काढलं. मैनुद्दीन शिडीवरून म्हणाला, "मास्तर, इत्ता लंबा धुराडा तो साखर कारखान्याला बी न्हाई. गळीत कब?"

"ऊस आला की," मी म्हणालो. तो हसत हसत उतरला.

पंखा लावला. धूर नरसाळ्यात निमूट गेला. मी इथूनच हाक मारली, "वास येतो का गं?"

"न्हाई. कायबी न्हाई. लई बेस केलंत."

तुझी बहीण मला 'बेस' म्हणाली, हे लग्नापासून दुसऱ्यांदा. पुढं रोज विचारायचो, रोज तेच उत्तर मिळायचं. मी हवेत होतो. धुरावरून अग्नी ओळखावा, हे पाठशाळेत शिकलो. अक्का कुरकुरत नाही यावरून धूर गेला, हे मी स्वतःच्या बुद्धीनं ओळखलं.

परवा गल्लीतल्या बायनाबाई दारात आल्या. हातात गोणपाटाचा काळाकुट्ट बोळा.

"घ्या मास्तर तुमचं. माझ्या कुरडया वाळत व्हत्या अन् त्यावर तुमचं धुपाटणं सुटलं. म्हून मीच ह्यो कोंबला व्हता नळीत. आता डबे भरून झाले. सोडा धूर."

"कधी कोंबला?"

"पंखा लावला त्याच दिशी. कावून?"

कावून ते त्यांना सांगितलं नाही. स्टूल घेऊन स्वयंपाकघरात वर चढलो. नळकांड्याचा सांधा बरोबर चुलीवर येतो. त्याच्याभोवती सगळं पिवळं, चिकट झालेलं. इतके दिवस धूर माझ्या टेबलावरून उठत होता आणि अक्काच्या डोक्यावर उतरत होता. डोळे चुरचुरले असतील तर तिनं चुलीला बोल लावला असेल. पण वास?

आणि नाक कुणाचं? पहाटे संस्थेत दूध येतं तेव्हा प्रत्येक किटलीचं झाकण उचलून ती एकदा हुंगते आणि "ही बाजूला" म्हणते. बायका माझ्या यंत्राला भीत नाहीत, तिला भितात. यंदा रानात काही नाही. घरं चालतात ती दुधावर. एक आंबलेली किटली कॅनमध्ये गेली की सगळ्यांचं दूध नासतं. गेल्या आठवड्यात तसंच झालं, गाडीनं कॅन परत आणले. अक्का म्हणाली, उन्हानं झालं. ती म्हणाली म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

काल मी माप घालणाऱ्या कडूबाईला गाठलं. ती खाली बघत म्हणाली, "बाई हल्ली झाकण उचलत्यात अन् हळूच मलाच हुंगाय लावत्यात. पडसं झालंय म्हणत्यात. मला काय कळतंय मास्तर त्यातलं?"

वैशाखात पडसं.

दुपारी टेबलाशीच डोळे अर्धवट मिटून पडलो होतो. अक्का पाण्याचा तांब्या ठेवायला आली. मला झोप लागली असं वाटून तिनं डबीतला राळेचा खडा उचलला, तळव्यावर घासला आणि नाकाशी धरला. कितीतरी वेळ. उन्हाच्या पट्टीत तो खडा मधासारखा दिसत होता. मग पदरानं पुसून, होता तिथं, होता तसा ठेवून दिला. मी डोळे पुरते उघडले नाहीत.

सांधा मी मातीनं लिंपला आहे, सोल्डरिंग बंद ठेवलं आहे. त्यानं आता काही होणार का, कळत नाही. मी तिला विचारत नाही. विचारलं तर मला कळलंय हे तिला कळेल, आणि दुसऱ्या पहाटे त्या बायकांपुढं झाकण उचलायला तिचा हात धजणार नाही. न विचारावं, तर दूध पुन्हा परत येईल, आणि मग गावच विचारेल.

म्हणून तू ये. घरी काहीही निमित्त काढ आणि तिला औरंगाबादेला घेऊन जा, चांगल्या डॉक्टरला दाखव. भाऊ म्हणतो म्हटल्यावर ती नाही म्हणणार नाही. उत्तर लिहू नकोस. पाकिटं आधी तीच फोडते.

माझ्या धुरानं तिला वास येईनासा झाला असेल, तर ते माझ्या माथी, मी ते सोसेन. पण दुखणं त्याहून आत कुठं असलं तर? धर्मा, मला भीती वाटते.

तुझा,
सुंदर दाजी