बुटाच्या तळाचं स्टिकर

नवरोबा,

तुझ्या सॅकचा उसवलेला पट्टा शिवून आणायला गेलेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

आधी टेबलावरचे बूट उलटे करून बघ. गेले पंधरा दिवस रोज मी उठायच्या आत ‘नवे बूट पायात मुरवायला’ तासभर चालून येतोस ना? मग तळाला दुकानाचं स्टिकर अजून कसं? सॅकचं वजन कमी करायचं म्हणून माझ्या टूथब्रशची दांडी कापलीस, तेव्हा मी गप्प बसले. आणि तू मलाच शेंडी लावतोस!

डाव्या बुटात गुडघ्याच्या फिजिओथेरपीचं कार्ड सापडलं. पंधरा दिवस झालेत, पाच उरलेत. अरे, जिना उतरताना तू कठडा धरतोस, ते मला दिसत नाही का? आपल्याला सहा आठवडे डोंगर तुडवायचेत आणि साहेबांच्या तोंडाला कुलूप.

तंबू आणि स्टोव्ह माझ्या सॅकमध्ये भरलेत. गुपचूप परत काढलेस तर बघ.

उद्या सकाळी फिजिओथेरपीला मीही येणार. किती चालायचं ते तिथल्या बाईंच्याच तोंडून ऐकते. आणि आजपासून जिन्यावर माझा खांदा धरायची सवय कर. कठडा काही डोंगरावर येणार नाहीये.