तिसरी ओळ

१४ ऑक्टोबर, सकाळी

प्रिय ढब्बू,

जहाजाचा कप्तान झालास तरी मी याच नावाने लिहिणार. आईच्या डोळ्याची पट्टी काल निघाली. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, तर म्हणते, "आधी तुमचा फळा पुसा." म्हणजे तब्येत उत्तम. स्वयंपाकघरातला नळ मीच दुरुस्त केला. नळवाल्याची तीन दिवस वाट पाहिली, चौथ्या दिवशी पाना हातात घेतला.

तुझं पत्र आणि अहवालाचा मसुदा पोचला. "ताई, सही करण्याआधी कायद्याच्या नजरेने बघून दे," म्हणतोस. बघितला. शुद्धलेखन चांगलं आहे.

इथे तटरक्षक दलाच्या ऑफिसात अजून जल्लोष चालू आहे. परवा साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या भावाने दोन टन अमली माल पकडलाय, आणि तुम्ही एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलाय!"

"त्या बोटीवरची दोन माणसंही मेलीत, साहेब."

"तस्करच ना?"

"ते न्यायालय ठरवतं. आपण समुद्रात थांबवायचं, बोटीवर चढायचं, झडती घ्यायची."

यावर साहेबांना चहाची आठवण झाली.

आता मसुदा. चौथ्या परिच्छेदात "इसमाने बंदूक रोखली" असं लिहिलंयस. तुझ्या जहाजावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मी चार वेळा पाहिलं. त्याच्या हातात पोतं आहे, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. पुरावा बुडवायला तो ते पाण्यात टाकत होता. सहा तासांच्या पाठलागानंतर राग कोणालाही येईल. पण पोतं टाकतो म्हणून माणसावर गोळी झाडता येत नाही. आणि नंतर माल सापडला म्हणून ती गोळी कायदेशीर होत नाही. ते वाक्य काढ.

इथवर लिहून उठले, आईच्या डोळ्यात औषध घालून आले. एरवी मला पत्राला इतका वेळ लागत नाही.

त्या दुपारी बोट थांबवू का म्हणून तुझा संदेश आला, तेव्हा कप्तानांना कायद्याचा सल्ला देणाऱ्या टेबलावर मी होते. नात्यातलं माणूस जहाजावर असेल तर टेबल दुसऱ्याकडे द्यायचं, असा नियम आहे. दुसरा म्हणजे आमचा नवा वकील. त्याला घरचा पत्ताही विचार करून सांगावा लागतो. त्याच्या हाती तुला सोपवायला मी तयार नव्हते. बोट ज्यांची असू शकेल अशा दोन देशांना फोन केले. दोघांनी "बोट आमची नाही" म्हणून सांगितलं. मग तुला दोन ओळी पाठवल्या. बोट कुठल्याही देशाची नाही. थांबवून चढा, झडती घ्या.

इतर प्रत्येक कप्तानाला मी तिसरी ओळ पाठवते. वीस वर्षं पाठवते आहे. बोट पळाली तर आधी इशारा, मग तिच्या पुढच्या पाण्यात गोळ्या. माणसावर गोळी फक्त जिवावर बेतलं तरच. तुला पाठवली नाही. वाटलं, याला काय सांगायचं, याच्याकडून तर जेवताना पाठ करून घेतलंय.

ती ओळ असती तर तू थांबला असतास की नाही, मला सांगता येत नाही. ती नव्हती, हे माझं. गोळी सुटली, ते तुझं. एकाच्या आड दुसऱ्याने लपायचं नाही.

माझं निवेदन काल सहीनिशी साहेबांमार्फत चौकशी समितीला दिलं. साहेब म्हणाले, "निवृत्तीला सात महिने राहिलेत, कशाला अंगावर ओढून घेता?" मी त्यांच्याकडे पोच मागितली. साक्षीदाराने साक्षीदाराला पत्र लिहू नये, हेही मला कळतं. म्हणून याची प्रत समितीला देते आहे. तुझं घरचं नाव त्यांना समजेल, त्याला इलाज नाही.

तुझी बायको फोनवर फार रडली. तिला म्हटलं, नोकरी कदाचित जाईल, नवरा घरी येईल. बोटीवर मेलेल्या दोघांतल्या धाकट्याची आई सोमवारी समितीपुढे येणार आहे. तिच्यासमोर तुला बोलायचंय.

दहा वाजता. गणवेश इस्त्रीचा घाल. विचारलं तेवढंच सांग, पण पूर्ण सांग. आत मला ताई म्हणू नकोस. मीही तुझ्याकडे बघणार नाही. बाहेर आलास की हाक मार. संध्याकाळ झाली तरी मी दारातच उभी असेन.

तुझीच,
ताई